पुण्यातल्या स्ट्रक्चरच्या प्राध्यापकांना खुले पत्र: पाडकामाआधी एक दिवस मागून घ्या

प्रति,
पुणे शहर आणि परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचे संशोधन-मार्गदर्शक व अभ्यास मंडळांचे सदस्य

विषय : संशोधन साइटपर्यंत पोचण्याबाबत, आणि त्यासाठी पाडायच्या जुन्या इमारतींत मोजमापे घेण्याबाबत

सर, मॅडम,
स. न. वि. वि.

मी पुण्यात आरसीसी कन्सल्टंट म्हणून काम करतो. पूर्वी बहुतेक काम नव्या इमारतींच्या डिझाइनचे असे. आता निम्म्याहून जास्त वेळ जुन्या सोसायट्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये जातो. ऑफिसात मुलाखतीला येणाऱ्या एम.टेक. झालेल्या मुलामुलींना मी डेझर्टेशनचा विषय हमखास विचारतो, आणि उत्तर काय येणार याचा अंदाज सहसा चुकत नाही. दहा-बारा मजल्यांची, प्लॅनमध्ये नीट चौकोनी, प्रत्यक्षात कुठेच नसलेली इमारत. ती ई-टॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भूकंपाच्या झोन तीन, चार आणि पाचमध्ये उभी करायची, शिअर वॉल (आडवा धक्का पेलणारी काँक्रीटची भिंत) कधी कोपऱ्यात तर कधी मध्ये सरकवायची, आणि झोन वाढला की बेस शिअर, म्हणजे पायाशी येणारा भूकंपाचा आडवा जोर, वाढतो असा निष्कर्ष लिहायचा. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडच्या कोष्टकात तो आधीच छापलेला आहे. दुसरा लाडका विषय म्हणजे काँक्रीटमध्ये काहीतरी मिसळणे: फ्लाय अॅश, काचेचा चुरा, नारळाच्या करवंट्या, टायरचे तुकडे. सात आणि अठ्ठावीस दिवसांचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, फोडायचे, आलेख काढायचा, पेपर टाकायचा. हल्ली मशीन लर्निंगची भर पडली आहे. दुसऱ्यांनी फोडलेल्या क्यूबचे आकडे गोळा करून पुढच्या क्यूबची ताकद संगणकाकडून ओळखून घ्यायची. (निदान स्वतःचे क्यूब तरी फोडा, असे मनात येते.)

मुले हुशार असतात, राग त्यांच्यावर नाही. तुमच्यावरही सगळा नाही, त्याचे पुढे सांगतो.

आता या शहरात आणि आसपास खरोखर काय पडले ते बघा. जून २०१९ मध्ये कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. चारच दिवसांत आंबेगावात पुन्हा तेच, आणखी ६ जण. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात तळघराच्या राफ्टसाठी (पायाच्या जाड स्लॅबसाठी) बांधलेली सळ्यांची जाळी खाली बसली आणि तिच्यात मजूर अडकून मेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराच्या चौकात आणि एप्रिल २०२३ मध्ये किवळ्यात होर्डिंगचे सांगाडे माणसांवर पडले. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट नदीत गेला. सीमाभिंत, सळ्यांची जाळी, होर्डिंग, पादचारी पूल. यांतले एकही ‘जी प्लस टेन’, म्हणजे तळमजला अधिक दहा मजल्यांची इमारत, नव्हे.

भिंतीमागची माती भिजली की दाब कसा वाढतो, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे, त्यासाठी नवे संशोधन नको असे कोणी म्हणेल. पण राफ्टच्या जाळीचेच घ्या. वरची जाळी ज्यांच्यावर उभी असते त्या चेअर किती जाडीच्या, किती अंतरावर ठेवायच्या, हे आजही बहुतेक साइटवर फिटरच ठरवतो. मीटरभर जाडीच्या राफ्टला एक वेळ चालून जाते. दीड-दोन मीटर खोलीत वरच्या सळ्यांचे वजन, त्यावरून चालणारी माणसे आणि एका बाजूने ओढ बसली की सगळ्या चेअर एकाच दिशेने कलंडण्याची शक्यता, हे गणित कुणाच्याच ड्रॉइंगवर नसते. खोलीनुसार चेअर आणि तिरके टेके कसे द्यावेत याचे एका पानाचे कोष्टक कोणी प्रयोग करून काढले, तर मी उद्यापासून ते माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर छापीन. पीएचडीला हा विषय लहान पडेल. एम.टेक.ला मुळीच लहान नाही.

मग असे विषय का निवडले जात नाहीत? कारण मोजमाप दुसऱ्याच गोष्टीचे होते. संशोधकाचे पेपर किती आणि त्यांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावरून काढलेला आकडा म्हणजे एच-इंडेक्स, तो जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. त्यांच्या विषयात एका पेपरचा उपयोग बहुतेक दुसऱ्या पेपरमध्येच होतो, त्यामुळे तिथे तो थोडाफार शोभतोही. आपल्या विषयात संशोधनाचा उपयोग ड्रॉइंगमध्ये होतो, आणि ड्रॉइंगखाली कोणी संदर्भसूची लावत नाही. हार्डी क्रॉस या अमेरिकन इंजिनिअरनी १९३० मध्ये मोमेंट डिस्ट्रिब्यूशनवर, म्हणजे फ्रेमचे गणित हातांनी सोडवण्याच्या पद्धतीवर, लिहिलेला लेख अवघा दहा पानांचा होता. त्यावर अमेरिकन सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत झालेली लेखी चर्चा मूळ लेखाच्या कितीतरी पट लांबली. पुण्यात कॉम्प्युटर येण्याआधी उभ्या राहिलेल्या आरसीसी फ्रेमची गणिते याच पद्धतीने नाहीतर कानींच्या पद्धतीने हातांनी केलेली आहेत. जुन्या कन्सल्टंटांच्या कपाटांत त्या पिवळ्या पडलेल्या शीट अजून सापडतात. त्यांतल्या एकाही शीटमुळे क्रॉस यांच्या नावावर एकही सायटेशन चढलेले नाही.

यूजीसीने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. मधे २०२२ च्या नियमांनी पीएचडीच्या प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीही काढली. सक्ती गेली, सवय तेवढी राहिली. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, हा धंदा त्याच सवयीवर चालतो.

संशोधन खरोखर पोचते तेव्हा कसे पोचते, याचे माझ्या रोजच्या कामातले उदाहरण म्हणजे कॉलमच्या रिंगेचा हुक: उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या आडव्या सळईची वाकवलेली टोके. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात कॅलिफोर्नियातले ऑलिव्ह व्ह्यू हे नवे कोरे हॉस्पिटल मोडले. तिथे दोन प्रकारचे कॉलम होते. सुट्या रिंगांचे कॉलम फुटले, गोल फिरत जाणाऱ्या स्पायरलचे पुष्कळ तग धरून राहिले. न्यूझीलंडमध्ये कँटरबरी विद्यापीठात रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी बीम-कॉलमचे नमुने पुढे-मागे ढकलून, तुटेपर्यंत ताणून, रिंगांनी आवळलेला गाभा किती वेळ टिकतो ते वर्षानुवर्षे मोजले. अशा कामातून ते ज्ञान देशोदेशींच्या कोडमध्ये उतरले. आपल्याकडे आधी आयएस ४३२६ मध्ये आले, मग १९९३ मध्ये भूकंपासाठी सळ्या कशा बांधाव्यात ते सांगणारे आयएस १३९२० हे स्वतंत्र कोड निघाले. त्याच वर्षी किल्लारी झाले, आणि तेव्हाच्या नकाशात किल्लारी सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या झोन एकमध्ये होती. २००२ च्या दुरुस्तीने हे कोड झोन तीनच्या सगळ्या आरसीसी इमारतींनाही लागू केले, म्हणजे पुण्याला.

इथवर संशोधन पोचले. आता धायरीत किंवा वाघोलीत एखाद्या साइटवर जाऊन फिटरच्या शेजारी उभे राहा. लाकडी पाटावर ठोकलेल्या पिनांमध्ये सळई अडकवून तो हातातल्या पान्याने रिंग वाकवतो. तीन कोपरे काटकोनात, भराभर. चौथ्या कोपऱ्यात दोन्ही टोके १३५ अंशांत आत, गाभ्याकडे वळवायची असतात. पण टोके आत वळलेली रिंग दाट सळ्यांच्या कॉलममध्ये वरून घालताना अडकते, दर हाताला सळईत गुंतते. म्हणून तो टोके नव्वदलाच थांबवतो आणि म्हणतो, बसवल्यावर वाकवतो. बसवल्यावर कोणी वाकवत नाही. दुपारपर्यंत शटरिंग लागते आणि हुक डोळ्यांआड जातो. भूकंपात बाहेरचे कव्हर उडाले की नव्वदचा हुक उघडतो, रिंग सुटते, उभी सळई बाहेर फुगते आणि कॉलम बसतो. पन्नास वर्षांचे संशोधन शेवटच्या पंचेचाळीस अंशांत अडकून पडले आहे. फिटर आळशी आहे म्हणून असे होत नाही. रिंग का आवळायची हे त्याला कोणी दाखवलेले नाही, आणि १३५ चा हुक दाट सळ्यांत सहज बसेल अशी युक्ती कोणी शोधून दिलेली नाही. हे दोन्ही तुमच्या लॅबचे काम आहे. किती टक्के रिंगांचे हुक कोडप्रमाणे असतात, एवढे जरी शहरातल्या साइटवर फिरून एखाद्या मुलीने मोजले, तरी त्या एका आकड्याने महापालिकेपासून बिल्डरांच्या संघटनेपर्यंत सगळ्यांची झोप उडेल.

दुसरे उदाहरण आपल्याच दाराशी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली तेव्हा धरणात बसवलेल्या उपकरणाने जमिनीच्या हालचालीची नोंद केली. १०३ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण, त्याला गेलेले तडे आणि त्या धक्क्याची प्रत्यक्ष नोंद, असे तिन्ही एकत्र मिळणे दुर्मीळ. बर्कलेचे अनिल चोप्रा यांनी त्यावर काम केले, इथे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने वर्षानुवर्षे केले, आणि आजही जगात कुठेही ग्रॅव्हिटी धरण भूकंपात कसे फुटेल याचे नवे गणित मांडले की ते आधी कोयनेवर लावून बघतात. साताऱ्याच्या डोंगरातली एक नोंद जगभराच्या कामी आली, कारण ती नीट केली गेली आणि सगळ्यांना वापरायला मिळाली.

मला जे मागायचे आहे ते इथून सुरू होते.

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, एरंडवणे, बिबवेवाडी, जिकडे बघाल तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे. साधारण १९७० ते १९९५ मधल्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पडताहेत. त्या इमारती म्हणजे घमेल्याच्या मापाने टाकलेले १:२:४ चे काँक्रीट, नदीची वाळू, आपला काळा बेसाल्ट आणि पीळ दिलेली टॉर सळई. यातला बेसाल्ट सोडला तर आता काहीच पूर्वीसारखे वापरात नाही. वाळूच्या जागी क्रश सँड आली, टॉरच्या जागी टीएमटी. रहिवासी जागा सोडून गेले की आधी दारे-खिडक्या, ग्रिल, कडप्पे, वायरी काढणारे येतात. त्यांचे काम संपून पोकलेन येईपर्यंत इमारत काही दिवस मोकळी उभी असते. मग ब्रेकर चालतो, सळ्या भंगारात जातात, राडारोडा डंपरमध्ये. तीस-चाळीस वर्षे पुण्याच्या पावसात, उन्हात आणि धुरात मुरलेले नमुने आपण असे रोज फेकतो आहोत. कुठल्याही लॅबमध्ये चाळीस वर्षांचा क्यूब तयार करता येत नाही.

त्या मोकळ्या दिवसांतला एकच दिवस मागून घ्या. कॉलमवर रिबाउंड हॅमर (उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारा हातोडा) मारा, यूपीव्ही (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग) घ्या, आणि त्याच जागेचा कोअर, म्हणजे कापून काढलेला गोल नमुना, काढून फोडा. ऑडिटमध्ये आम्हाला हे करता येत नाही. लोक राहत असलेल्या घराच्या कॉलममधून किती कोअर काढणार? सेक्रेटरी दोनला तयार होतात, तेही तळमजल्यावर. म्हणून भिस्त हॅमरवर. हॅमरबद्दल आपले कोडच सांगते की त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, आणि पृष्ठभाग कार्बोनेट झाला असेल, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यातली अल्कली मारली असेल, तर आकडा फुगून येतो. जुन्या इमारतीचा पृष्ठभाग कार्बोनेट झालेला असतोच. म्हणजे जिथे धोका जास्त तिथेच हॅमर गोड बोलतो. त्यात आम्ही वापरतो तो आलेख यंत्राबरोबर आलेला, परक्या खडीवर आणि ताज्या क्यूबवर काढलेला. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून हिंडण्यासारखेच ते आहे. पुण्याच्या बेसाल्टसाठी, तीस वर्षांपुढच्या काँक्रीटसाठी, कार्बोनेशनच्या खोलीनुसार दुरुस्त केलेला एक आलेख मिळाला, तर या शहरातल्या प्रत्येक ऑडिट रिपोर्टचा पाया बदलेल. हजारो कुटुंबांनी राहायचे की घर सोडायचे, हे त्या रिपोर्टवर ठरते.

पाडकामातल्या ताज्या फुटलेल्या बीमवर फेनॉल्फ्थॅलिन मारलेले ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. आतले निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होते, बाहेरचा पट्टा तसाच राखाडी राहतो. गुलाबीची कड सळईच्या मागे, आत सरकली असेल तर सळईचे अल्कलीचे कवच गेले, आता फक्त ओल मिळायची बाकी. एकाच इमारतीत हॉलच्या कोरड्या बीममध्ये ही कड एका खोलीवर असते आणि संडास-बाथरूमच्या बीममध्ये दुसऱ्याच. आणि गंमत म्हणजे जिथे कड खोल गेली आहे तिथेच सळई जास्त गंजलेली असेल असे नाही. कोरड्या खोलीतल्या बीमची कड पार सळईमागे गेलेली आणि सळई स्वच्छ, असेही सापडते. यातून पुण्याच्या हवेत कव्हर किती पुरते, गळती थांबवून इमारतीचे आयुष्य किती वाढते, टॉर सळई लवकर गंजते म्हणतात त्यात तथ्य किती, अशा प्रश्नांची उत्तरे निघतील. आज या सगळ्यांवर आम्ही अनुभवाने बोलतो, म्हणजे अंदाजाने.

आणखी एक, जरा धाडसाचे. पाडायच्याच स्लॅबवर वाळूची पोती रचून तो वाकेपर्यंत भार द्यायला काय हरकत आहे? अर्थात खाली टेके देऊन, सुरक्षेची सगळी काळजी घेऊन. पार्किंगच्या स्टिल्टचा, म्हणजे भिंती नसलेल्या मोकळ्या तळमजल्याचा, एखादा कॉलम जॅकने आडवा ढकलून बघा. २००१ मध्ये भूज हादरले तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत स्टिल्टवरच्या इमारती बसल्या, आणि तशाच स्टिल्टवर त्या काळात बांधलेले अर्धे पुणे उभे आहे. कागदावर त्यांचे काय होईल ते आम्ही सांगू शकतो. खरोखरचे कॉलम, त्यांच्या खरोखरच्या नव्वदच्या हुकांसह, किती झेपवतात ते कोणी पाहिलेले नाही.

जुन्या बांधकामाबद्दल आपल्याला किती कमी माहिती असते, हे २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री अख्ख्या पुण्याने टीव्हीवर पाहिले. चांदणी चौकातला पूल सहाशे किलो स्फोटकांनी उडवला, काँक्रीट फुटले, पण सळ्यांचा सांगाडा जागेवरच राहिला आणि उरलेले काम यंत्रांनी करावे लागले. नव्वदच्या दशकातला पूल, भर शहराच्या तोंडाशी, आणि त्याच्या पोटात सळई किती आहे याचा अंदाज चुकला. लोकांनी विनोद केले. मला त्यात एक चांगला प्रबंध दिसला, तो कोणी लिहिला असेल तर वाचायला आवडेल.

वाचायला मिळणे हाच दुसरा मुद्दा. काही वर्षांपूर्वी एका ऑडिटसाठी मला पुण्यातल्याच एका महाविद्यालयातले डेझर्टेशन हवे होते, विषय अगदी नेमका होता. ग्रंथालयात बसून बघता येईल, झेरॉक्स मिळणार नाही, आधी विभागप्रमुखांचे पत्र आणा, असे सांगण्यात आले. पत्र मिळेपर्यंत रिपोर्ट देऊन झाला होता. त्या मुलाने सहा महिने घाम गाळून काढलेले आकडे कपाटात आहेत, आणि दीड किलोमीटरवर माझ्या ऑफिसात मी त्याच प्रश्नावर अंदाज बांधत बसलो होतो.

प्रत्येक डेझर्टेशनसोबत दोन पानांचे मराठी टिपण सक्तीचे करा, आकृत्यांसह, साइट इंजिनिअर आणि सोसायटीचा सेक्रेटरी दोघांना कळेल असे. मोजलेल्या आकड्यांची फाइल सगळ्यांना उघडी ठेवा. इमारतीचे नाव झाका, आकडे नको. हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी आयआयटी कानपूरचे अर्थक्वेक टिप्स बघावेत. भूजच्या भूकंपानंतर सी. व्ही. आर. मूर्ती यांनी असे चोवीस टिप्स लिहिले, प्रत्येक जेमतेम दोन पानांचा, हिंदीतही आले. माझ्या ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात तेच वाचायला देतो. पेपर म्हणून त्यांची किंमत तुमच्या पद्धतीत किती धरतात कोण जाणे.

आता तुमच्या बाजूचे. जागा रिकाम्या, शिकवण्याचे तास दुप्पट, नॅक आणि एनबीएच्या मूल्यांकनाच्या फाइली, बढतीसाठी पेपरांचे गुण, लॅबला पैसे नाहीत. हे सगळे मी जवळून पाहिले आहे, माझे अर्धे मित्र तुमच्यात आहेत. ई-टॅब्समधला विषय स्वस्त पडतो, मुलाला परवडतो आणि वेळेत सबमिट होतो, हेही खरे. म्हणून मागणी अभ्यास मंडळांकडे जास्त आहे. गुण देताना बीआयएसच्या (कोड काढणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या) मसुद्यावर पाठवलेली मुद्देसूद हरकत, महापालिकेने स्वीकारलेले तपासणीपत्रक, लोकांसाठी उघडी ठेवलेली मोजमापे, यांनाही पेपरइतके वजन द्या. कोडचे मसुदे अंतिम होण्याआधी हरकतींसाठी सगळ्यांना खुले असतात. मागच्या वर्षी तुमच्या विभागातून किती हरकती गेल्या, हे एकदा विभागाच्या बैठकीत विचारून बघा.

आमच्या बाजूनेही काही देणे लागते, आणि रिडेव्हलपमेंटच्या कामात परवानगीसाठी सोसायटी, विकसक आणि पाडकामाचा ठेकेदार अशा तिघांना विचारावे लागते. विकसकाला एका दिवसाने फारसा फरक पडत नाही, फक्त त्याला आधी सांगावे लागते. अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, त्यासाठी विमा आणि पत्राचा एक मसुदा आम्ही काही कन्सल्टंटांनी मिळून तयार केला आहे. कर्वेनगरातली १९८४ ची एक चार मजली इमारत दिवाळीनंतर पाडायची आहे. मूळ आरसीसी ड्रॉइंग सापडली आहेत, ही फारच दुर्मीळ गोष्ट. सोसायटीच्या कमिटीने होकार दिला आहे, विकसकाने दोन दिवस दिले आहेत. कोअर कटिंग मशीन आणि मुले तुमच्याकडे आहेत. तुमच्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी डेझर्टेशनचे विषय ठरण्याआधी कळवावे, म्हणजे कुठल्या कॉलमचे काय करायचे ते आधी एकत्र बसून ठरवता येईल.

आपला,
एक आरसीसी कन्सल्टंट, पुणे